डोंगरावरची खळी

सुप्रियाचे बाबा आमच्याकडे राहायला आले आणि पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावातल्या त्या अपार्टमेंटमध्ये पहिल्यांदा सकाळ झाली. त्याआधी आम्ही दोघींनी सकाळ अशी पाहिलीच नव्हती. सुप्रिया पुण्याची, कॉम्प्युटर सायन्सवाली; मी अकोल्याची, मातीच्या विषयात पीएचडी करायला आलेली. दोघी जमेल तितकं झोपायचो आणि मग कोरडं सीरियल तोंडात कोंबत कॅम्पसच्या बसमागे धावायचो. काका पाचला उठत. आधी हीटरच्या पाइपांची ठकठक, मग काकांच्या सपातांची फरफर, मग खलबत्त्यात आलं ठेचल्याचा आवाज. तो दगडी खलबत्ता त्यांनी पुण्याहून बॅगेत घालून आणला होता. विमानतळावर बॅग उघडायला लावली, तेव्हा त्या अधिकाऱ्याला त्यांनी हवेत आलं ठेचून दाखवलं म्हणे. साताठ दिवसांत चहाच्या वासाने मला आपोआप जाग येऊ लागली. फोडणी टाकली की धुराचा अलार्म किंचाळायचा. आम्ही इतके महिने त्या भीतीने वरण बिनफोडणीचं खात होतो. काकांनी स्टुलावर उभं राहून अलार्मची नीट पाहणी केली, आणि फोडणीआधी दार उघडायचं, खिडकी उघडायची आणि एकीने खाली टॉवेल हलवत उभं राहायचं, अशी पद्धत बसवून दिली. आजही माझ्या घरी मोहरी तडतडली की माझा हात टॉवेलकडे जातो. माझा मुलगा हसतो, "आई, देअर्स अ फॅन फॉर दॅट."

दिगंबरकाका सरकारी मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं सगळं आयुष्य सातारा जिल्ह्यातल्या डोंगरउतारांवर साखळी ओढण्यात आणि बांधाबांधांवरच्या भांडणांत गेलं होतं. आदल्या वर्षी सुप्रियाची आई गेली. पुढच्या सहा महिन्यांत काकांच्या हृदयाच्या एका नळीत स्टेंट बसला. सुप्रियाने त्यांना हट्टाने इकडे आणलं आणि आल्या दिवसापासून त्यांच्यावर पहारा बसवला. मीठ कमी, तूप बंद, फिरणं म्हणजे पार्किंग लॉटच्या चार फेऱ्या. काका ऐकत. पण दुपारी आम्ही नसताना ते बसच्या सगळ्या रूट्सवरून एकदा शेवटपर्यंत जाऊन आले होते, हे मला ड्रायव्हरकडून कळलं. तो मला म्हणाला, "तुझे अंकल प्रत्येक टेकडीचं नाव विचारतात."

खरंच विचारत. गावाच्या दोन्ही बाजूंनी लांबच लांब डोंगर पसरले होते, एखाद्याने कणीक ताणून ठेवावी तसे. मी दोन वर्षं त्यांच्याकडे पाहत होते, पण ते काय आहेत हे मला माहीत नव्हतं. माझ्या विषयात डोंगर येत नव्हते. मी दुसऱ्यांनी आणलेली शेतातली माती चाळायची आणि तिच्यातला फॉस्फरस मोजायची. त्यातही माझं काही धड चाललं नव्हतं. त्या वसंतात मी पीएचडीची पात्रता परीक्षा नापास झाले होते. तिघा प्रोफेसरांसमोर तोंडी परीक्षा. मध्येच माझी बोलतीच बंद झाली. दुसरी आणि शेवटची संधी नोव्हेंबरात होती. हे सुप्रियाला ठाऊक होतं. अकोल्याला मी सांगितलं नव्हतं. दर रविवारी फोन व्हायचा, बाबा विचारायचे, "अभ्यास कसा चालू आहे?" आणि मी म्हणायचे, "मस्त."

एका दुपारी काका मला म्हणाले, "नीलिमा, इथे नकाशे कुठे मिळतात?" मी त्यांना लायब्ररीच्या तळघरातल्या नकाशा विभागात नेलं. लांबरुंद कप्प्यांत पेनसिल्व्हेनियाचा इंच-इंच मांडून ठेवला होता. काकांनी चष्मा पुसला, पहिली शीट टेबलावर पसरली आणि तळहाताने अशी हलकेच सपाट केली, जशी माझी आई साडीची घडी करते. मग दोन तास ते शीटमागून शीट पाहत राहिले. मी समोर पुस्तक उघडून बसले होते आणि तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होते.

"हा बघ," ते शेवटी म्हणाले. उत्तरेकडच्या सरकारी जंगलातली शीट होती. समोच्च रेषांची गर्दी, मधोमध एक लांबट बंद रेषा आणि तिच्यात उंचीचा नुसता आकडा. "याला नाव नाही. वाट नाही. घर नाही. आजूबाजूच्या सगळ्यांना नावं आहेत, ओढ्याला आहे, याला नाही. अगं, आमच्याकडे तीन बाभळींच्या टेकाडालासुद्धा नाव असतं. त्याशिवाय सातबारावाले एकमेकांना शिव्या कशा देणार?"

तिथल्या म्हाताऱ्या लायब्ररियन बाईंना त्यांनी विचारलं. बाईंनी दोन जाडजूड सूची चाळल्या आणि म्हणाल्या, "जन्म इथेच गेला माझा, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं." काका इतके खूश झाले की जणू डोंगर त्यांनाच सापडला होता.

ऑक्टोबरच्या शेवटी सुप्रिया इंटरव्ह्यूसाठी शुक्रवारपासून चार दिवस कॅलिफोर्नियाला गेली. जाताना फ्रिजवर यादी लावली: गोळ्यांच्या वेळा, डॉक्टरचा नंबर, 'बाबा, नो स्टेअर्स'. शनिवारी सकाळी मी चहाला उठले तर काकांनी दशम्या करून ठेवल्या होत्या, पुण्याहून आणलेल्या ज्वारीच्या पिठाच्या. बरोबर लसणाची चटणी, उकडलेले शेंगदाणे आणि दोन सफरचंदं. पायांत बूट.

"काका, सुप्रिया मला मारेल."

"तिला सांगायचं कशाला? डोंगर फार उंच नाही. दर शंभर पावलांवर मी थांबेन. आणि तू त्या पुस्तकाचं तेच पान किती दिवस वाचणार आहेस?"

मी नाही म्हणायला हवं होतं. हे मी स्वतःला इतक्या वर्षांत अनेकदा सांगितलं आहे, आणि दर वेळी हेही आठवतं की मला जायचं होतं. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला कशाचं तरी कुतूहल वाटत होतं. माझ्याकडे चौथ्या मालकाकडून आलेली एक जुनी गाडी होती. वाटेत आम्ही दोन भडक नारिंगी टोप्या घेतल्या, कारण शिकारीचे दिवस होते आणि दुकानदाराने आम्हाला टोप्यांशिवाय सोडलंच नाही. तासाभराने डांबरी रस्ता संपला, खडीचा सुरू झाला, मग तोही एका ओढ्याशी संपला.

ओढ्याकाठी हेमलॉकची काळोखी झाडं होती आणि त्यांच्याखाली थंडगार, ओलसर शांतता. पाणी चहासारखं तांबूस. वर चढायला लागल्यावर ओकचं जंगल सुरू झालं. पानं गळून गेलेली, खाली गुडघ्याएवढा पाचोळा. प्रत्येक पावलाला एवढा आवाज की बोलायचं तर थांबावं लागायचं. काका पावलं मोजत चढत होते, ओठ हलताना दिसायचे. शंभर झाली की काठी रोवून उभे राहायचे, नाडी बघायचे आणि इकडेतिकडे पाहायचे. मध्येच पांढरट दगडांचा एक पट्टा लागला, नुसते दगड, माती नाहीच. त्यातला एखादा पायाखाली डुगडुगला की खालून पोकळ आवाज यायचा. तिथून आम्ही बाजूने गेलो. पुढे लॉरेलची झुडपं, हिरवीगार पण अशी वेडीवाकडी गुंतलेली की काका म्हणाले, "ही तर आमच्या करवंदीची बहीण. फक्त करवंदं नाहीत, एवढंच."

त्या झुडपांतून बाहेर पडलो आणि काका थांबले. शंभर झाली नव्हती. ते समोर बघत होते.

"हे खळं आहे."

मला आधी दिसलंच नाही. मग दिसलं, आणि एकदा दिसल्यावर न दिसणं शक्य नव्हतं. तीव्र उतारावर एक गोल सपाट जागा, आमच्या दोन खोल्या मावतील एवढी. वरच्या अंगाने डोंगर कापलेला, खालच्या अंगाने भर टाकून दगडांनी धरलेली. मधोमध ओकची दोन जाड झाडं उगवलेली. खळं म्हणजे धान्य मळायची जागा, हे मी विदर्भातली असल्याने मला सांगायला नको होतं. पण या उतारावर कोण, कसलं धान्य मळणार?

"निसर्ग असं कापत नाही," काका म्हणाले. "हे माणसाने केलंय. आणि एक खळं कुणी करत नाही."

खरंच, त्याच उंचीवर पुढे गेलो तर दुसरं होतं. दोघांच्या मधून, पाचोळ्याखाली, पायाला कळेल अशी एक जुनी वाट जात होती. मग तिसरं, थोडं वर. मला तहान, अभ्यास, काकांचं हृदय, सगळं विसरायला झालं. मी धावत पुढे जायचे आणि ओरडायचे, "काका, इथे अजून एक!" ते खालून हळूहळू यायचे आणि वहीत खूण करायचे. पाचव्या खळ्यात मी खाली बसले, पाचोळा बाजूला केला आणि डब्याच्या चमच्याने उकरायला लागले. आजूबाजूची माती पिवळसर, रेताड होती. इथली काळी होती, अगदी आमच्या अकोल्याच्या रानासारखी काळी. बोटांवर घासली तर बोटं काळी झाली. मग एक ढेकूळ हाताला लागलं, हलकं, ठिसूळ. मी ते मोडलं. आत लाकडाच्या वलयांच्या रेषा होत्या, इतक्या स्पष्ट की मोजता आल्या असत्या.

"कोळसा आहे हो काका!"

काका माझ्याशेजारी बसले, तुकडा नाकाशी नेला आणि मोठ्यांदा हसले. "मग भट्ट्या आहेत या! आमच्याकडे कातकरी लावतात. लाकडं गोल रचायची, वरून पाला नि माती लिंपायची आणि आतल्या आत धुमसू द्यायचं. उतारावर लावायची तर आधी अशी जागा सपाट करावी लागते. अगं, मी एवढ्या लांब आलो आणि इथेही तेच!"

त्या भागात पूर्वी लोखंड गाळायचे आणि त्याला कोळसा लागायचा, हे मला नंतर वाचून कळलं. पुढे मी त्या काळ्या मातीवर बरीच वर्षं घालवली. ती हकीकत वेगळी. तेव्हा मला फक्त एवढंच कळलं होतं की दोन वर्षं मातीत काम करून मी स्वतःच्या हाताने पहिल्यांदाच जमीन उकरली होती.

माथ्यावर तसं काहीच नव्हतं. सपाट झाडी, थोडे दगड, कुठूनही काही न दिसणारा डोंगरमाथा. काका मात्र समाधानाने एका दगडावर बसले. मी दशम्या सोडल्या आणि त्यांच्यापुढे धरल्या, तर त्यांनी हात पुढे केला नाही. चेहरा राखेसारखा झाला होता. टोपीखालून घाम.

"दोन मिनिटं," ते म्हणाले. "खिशात... डाव्या."

डाव्या खिशात जिभेखाली धरायच्या गोळ्या होत्या. माझ्या हातून पहिली पाचोळ्यात पडली, दुसरी त्यांच्या तोंडात गेली. मोबाइलला सिग्नल नव्हता. मदत आणायला खाली धावावं तर त्यांना एकटं टाकायचं, बसून राहावं तर कुणाला कळणार नाही. माझे काळे हात मी पँटला पुसत होते आणि ते आणखी काळे होत होते. मी ओरडले. 'हेल्प' म्हणून ओरडायचं असतं हे न सुचून मी "कुणी आहे का?" असं मराठीत ओरडले.

आणि उत्तर आलं. साठ-सत्तर पावलांवरच्या एका झाडावरच्या मचाणावरून एक बाई शिडी उतरून आल्या. पानांच्या रंगाचे कपडे, पाठीला धनुष्य, पन्नाशीच्या असाव्यात. "सकाळपासून तुम्हा दोघांना ऐकतेय," त्या म्हणाल्या. "मैलभर परिसरात हरीण राहिलेलं नाही." मग त्यांनी काकांचा चेहरा पाहिला आणि पुढचं बोलणं तिथेच सोडलं. त्यांच्या वडिलांना असंच व्हायचं, त्यामुळे काय करायचं ते त्यांना ठाऊक होतं. काकांना झाडाला टेकवून बसवलं, जॅकेट पांघरलं, घड्याळ बघत बसल्या. दहा-बारा मिनिटांनी काकांच्या ओठांवर रंग आला. डोळे उघडून त्यांनी त्या अनोळखी बाईंना आपल्या मोडक्या इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, "मॅडम, धिस माउंटन, व्हॉट नेम?"

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. मग विचार करून म्हणाल्या, "आम्ही घरात याला नुसतं 'मागे वर' म्हणतो. कुठे चाललास? मागे वर."

"मागे वर," काका मराठीत पुटपुटले. "चांगलं आहे."

बाईंनी आम्हाला पलीकडच्या बाजूने उतरवलं. तिथे कोळशाच्या गाड्यांचा जुना रस्ता होता, रुंद आणि सौम्य उताराचा. दोघींच्या मध्ये काका, दर वीस पावलांवर थांबा. खाली त्यांची पिकअप होती, आणि तिच्यातून थेट हॉस्पिटल. हार्ट अटॅक नव्हता. रक्त कमी पडून हृदयाने दिलेला इशारा होता, असं डॉक्टर म्हणाले. गोळ्या बदलल्या, एक दिवस ठेवून घेतलं. बाईंनी माझी गाडी ओढ्याकाठून आणून द्यायची व्यवस्थाही केली. मी त्यांचं नाव विचारलं होतं. आता आठवत नाही, याची मला लाज वाटते.

सुप्रियाला मी हॉस्पिटलमधून फोन केला. ती दुसऱ्या दिवशी, सोमवारचा उरलेला इंटरव्ह्यू कॅन्सल करून परत आली. काकांना घरी आणेपर्यंत ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मग स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "तू कोण ठरवणारी, यार? ते मेले असते तर?"

"तिला बोलू नकोस," काका कोचावरून म्हणाले. "मी ठरवलं. मीच म्हटलं, तुला सांगायचं नाही."

"हो ना! तुम्हीच ठरवता!" ती त्यांच्याकडे वळली. इतक्या मोठ्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "आईच्या वेळीही तुम्हीच ठरवलंत. चार महिने ती आजारी होती, चार महिने! मी दर रविवारी फोन करायचे आणि तुम्ही सांगायचात, आई देवळात गेलीय, आई झोपलीय. का? तर माझी सेमिस्टर बिघडू नये. मी पोचले तेव्हा ती मला ओळखतही नव्हती, बाबा."

हीटरचा पाइप ठकठक करत राहिला. मी माझ्या खोलीत गेले आणि पलंगावर बसून राहिले. दर रविवारचा फोन. मस्त. दुसऱ्या दिवशी रविवार नव्हता, तरी मी कॉलिंग कार्ड खरवडलं आणि अकोल्याला फोन लावला. बाबांनी घाबरूनच उचलला.

"बाबा, मी परीक्षा नापास झाली. मे महिन्यातच. तुम्हाले सांगितलं नाही."

मग बाबा म्हणाले, "मंग इतके दिवस एकटीच घेऊन बसली होती का तू?" एवढंच. रागावले असते तर मी सहन केलं असतं. त्या एका वाक्यावर मी जी रडले ती कार्डातली मिनिटं संपून फोन बंद पडेपर्यंत.

नोव्हेंबरातली परीक्षा मी पास झाले, फार चांगली नव्हे. बाप-लेकीचं बोलणं मात्र गोळ्या आणि जेवणापुरतं उरलं होतं. घरात पुन्हा बिनफोडणीचं वरण शिजू लागलं. काका परतायच्या आदल्या रविवारी सुप्रिया सकाळी गाडीच्या किल्ल्या घेऊन उभी राहिली. "चला. कुठे आहे ते दाखवा मला. बाबा, तुम्ही खालीच बसायचं." तेव्हा रविवारी तिथे शिकारीला बंदी असायची, त्यामुळे जंगलात चिटपाखरू नव्हतं. ओढ्याकाठी काकांसाठी घडीची खुर्ची मांडली, अंगावर दोन ब्लँकेटं घातली, आणि आम्ही दोघी वर निघालो.

पहिल्या खळ्यात ती मधोमध जाऊन उभी राहिली आणि भोवताली बघत सावकाश एक फेरी मारली. मी तिला कोळसा उकरून दाखवला. तो हातात घेऊन ती एका ओकच्या बुंध्याशी बसली.

"तुला माहितीय का नीलू," ती म्हणाली, "मला राग कशाचा येतो? ते चार महिने माझे इथले सगळ्यात छान होते. नायगारा पाहिला, स्नो पाहिला. आईला सांगायला फोन करायचे तेव्हा बाबा म्हणायचे, मी तिला सांगतो. ती तिकडे तशी, आणि मी आनंदात होते. त्याचं आता मी काय करू?"

मी तिच्याशेजारी बसून राहिले. वाऱ्याने उरलीसुरली पानं पडत होती.

खाली उतरलो तेव्हा काका खुर्चीत ताठ बसून वाटेकडे बघत होते. सुप्रिया सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि मला जे सांगितलं होतं तेच, जवळजवळ त्याच शब्दांत, त्यांना सांगितलं. मी गाडीकडे जाऊ लागले, पण ओढ्याच्या आवाजावरूनही ऐकू येत होतं.

"तुझ्या आईने शपथ घातली होती," काका म्हणाले. "तू आनंदात आहेस हे मी तिला रोज सांगायचो. तेवढंच ऐकायची ती."

"मग मला विचारायचं होतं, बाबा. मला विचारायचं होतंत."

काकांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली. "हो," ते म्हणाले. "चुकलं माझं."

सुप्रिया खाली वाकली आणि त्यांच्या पायांवरची ब्लँकेटं गोळा करू लागली. तिचे काळे हात त्यांवर उमटले. काका उठले, त्यांनी खुर्ची मिटली आणि काखेत धरली. एरवी तिने ती झटकन काढून घेतली असती. त्या दिवशी ती त्यांच्या बरोबरीने, त्यांच्या चालीने चालत आली, आणि गाडीपर्यंत खुर्ची त्यांनीच आणली.